मदत हवी आहे: भातखंडे पद्धतीचं (सा रे ग म अक्षरांत लिहायचं) स्वरलेखन कशात टाइप करता?

नमस्कार मंडळी. मालवणच्या आमच्या भजनी मंडळासाठी अभंगांच्या चाली टाइप करून ठेवायच्यात. पाच रेघांच्या स्टाफवालं सॉफ्टवेअर पेटीवाल्या बुवांना दाखवलं. "माका ह्यां वाचूक येणा नाय," म्हणाले. विषय संपला!

वर्डमध्ये कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ कशीबशी जमते. पण मंद्र (खालच्या) सप्तकातला कोमल नी आला की कोमलची रेघ आणि मंद्राचं टिंब, दोन्ही स्वराखालीच असल्याने, एकमेकांवर चढतात. एका मात्रेतल्या स्वरांखालची कमान तर फॉन्ट बदलला की सरकतेच.

धुमाळी तालाच्या 8 मात्रांचे रकाने, सम (पहिली मात्रा) आणि खाली (टाळी नसलेली मात्रा) यांच्या खुणा आणि स्वराखाली नेमका त्याचाच शब्द, एवढं कशात होईल? पट्टी (गाण्याचा सा) बदलायची सोय नको, सरगम तीच राहते. ऑफलाइन चालणारं हवं, पावसात इथे नेटचा भरवसा नाही.