स्वतःविषयी सांगताना आत्मविश्वास कुठे संपतो आणि बढाई कुठे सुरू होते? आपले अनुभव लिहावेत

माणदेशी मावशी
भाच्याची संघ लोकसेवा आयोगाची मुलाखत जवळ आली आहे. लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपुढे मुलाखतीचे २७५ गुण थोडे दिसतात, परंतु अंतिम यादीतील क्रमांक त्यांनीच वरखाली होतो, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही. काल सराव म्हणून मी त्याला त्याचा एखादा गुण सांगायला सांगितला. "माझ्याकडे उत्तम नेतृत्वगुण आहेत," हे त्याचे उत्तर मला बढाईचे वाटले. मग २०१९च्या दुष्काळात गावच्या चारा छावणीत त्याने काय केले ते विचारले, तेव्हा तोच मुलगा शांतपणे सांगू लागला, की जनावरांची रोजची नोंद तो ठेवत असे, चारावाटप इतरांकडे होते आणि टँकरच्या वेळांचा घोळ मात्र शेवटपर्यंत कोणालाच निस्तरता आला नाही.
ते ऐकताना वडील आठवले. खरसुंडीच्या बाजारात ते खिलार बैलाचे दात आणि चाल गिऱ्हाइकाला दाखवत, त्याची एखादी खोड असेल तर तीही आधीच सांगत, आणि मग किंमत सांगून गप्प बसत. आपले अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त प्रतिवेदक
महसूल खात्यात असताना दरवर्षी मी कनिष्ठांची स्वयंमूल्यनिर्धारणे वाचत असे. "कर्तव्यदक्ष", "मनमिळाऊ" या शब्दांवरून नजर घसरून पुढे जाई. एका मंडळ अधिकाऱ्याने मात्र किती फेरफार नोंदी निकाली काढल्या हे लिहून, उरलेल्या कोणत्या वादांमुळे अडल्या तेही गावनिहाय लिहिले होते. अपुऱ्या कामाची ती यादी वाचल्यामुळेच पूर्ण झालेल्या कामाच्या आकड्यावर माझा विश्वास बसला.

दूध गॅसवर आहे
समर्थांनी "आपली आपण करी स्तुती" करणाऱ्याला मूर्खलक्षणांत बसवले आहे, तेव्हा आपल्या पिढीला मुलाखतीत घाम फुटणारच. सविस्तर नंतर लिहिते.

षड्ज
आमच्याकडे गुरूंचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. तो रिवाज मला प्रिय आहे, पण मैफलीत पंधरा मिनिटे नम्रतेचे निवेदन करून मग गायला बसणारेही पाहिले आहेत, आणि ती नम्रता मला बढाईहून अधिक कंटाळवाणी वाटते. बंदिश कोणाकडून मिळाली हे एका वाक्यात सांगावे आणि सूर लावावा.

मराठी माध्यम
@माणदेशी मावशी, भाच्याने मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, मात्र मंडळापर्यंत उत्तर दुभाष्याच्या तोंडून जाते. माझ्या वेळी लांब, अलंकारिक वाक्ये वाटेतच विरली, तर गावाचे नाव, आकडा आणि "हे काम माझ्याकडे होते" एवढे नीट पोचले. वाक्य लहान ठेवून मध्ये थांबण्याचा सराव त्याच्याकडून अवश्य करून घ्यावा.

बाईमाणूस इंजिनिअर
वरचे सगळे मान्य आहे, तरी एक गोष्ट राहून जाते. आढावा बैठकीत सहकारी "ही रचना मी केली" म्हणतो, तेव्हा तो ठाम ठरतो. तेच वाक्य तितक्याच शांत आवाजात मी म्हटले की "मॅडम फार आगाऊ आहेत" असे जेवणाच्या सुट्टीत कानावर येते. ऐकणाऱ्याने आधीच ठरवलेले असेल तर तपशील तरी किती पुरणार? त्यामुळे बैठकीच्या आदल्या दिवशी मी केलेल्या कामाचे टिपण सर्वांना पाठवते आणि बैठकीत त्यातील मुद्द्याचा क्रमांक सांगून बोलते.

दूध गॅसवर आहे
दूध उतू गेलेच. @बाईमाणूस इंजिनिअर, बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिते तेही पाहावे. आमच्या कार्यालयात ते काम हमखास बाईच्याच गळ्यात पडते, म्हणून मी कुरकुर न करता ते घेते आणि कोणते काम कोणी केले, हे माझ्या नावासकट नोंदवते.

बाईमाणूस इंजिनिअर
हे सोमवारीच करून पाहते. पुढच्या बैठकीचे इतिवृत्त माझ्याकडेच आले आहे.