पहिलंच धनुष्य कच्च्या लाकडातून करावं का?

मुळशीचा भाचा: मंडळी, नवीन माणसाला सगळे एकच सांगतात, भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, सरळ फळी आण, कच्च्या लाकडाच्या, म्हणजे करवतीनं न कापलेल्या फांदी-ओंडक्याच्या, नादी लागू नको. मला हे अजिबात पटत नाही. मामाच्या बांधावरची धामणीची फांदी गेल्या पावसात पडली, मनगटाहून जाड, सहा फूट सरळ, ती मी पाचरी ठोकून उभी फोडली आणि लाकडाचा धागा, म्हणजे उभी रेष, गाठीला कसा वळसा घालून जातो हे त्या एका दुपारी जे दिसलं ते फळी तासून कधीच दिसलं नसतं. साल हळूच सोलली की खालचा थर म्हणजे धनुष्याची पाठ, ओढताना आपल्यापासून लांबची बाजू, आयती मिळते, तिला रंधा लावायचाच नाही, जे काढायचं ते पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं, आणि पाठीचा धागा एकदा कापला की तिथूनच मोडणार. हे पहिल्या दिवशीच कळायला हवं.

कोथरूडकर: उत्साह आवडला पण सल्ला नाही पटला. अख्खं ओलं लाकूड वाळायला वर्षभर सहज जातं, टोकांना रंग किंवा मेण लावलं नाही तर चिरा पडतात त्या वेगळ्याच. नवशिका एवढा थांबतो का? मी नव्हतो थांबलो. महिन्याभरात दोरी चढवली, धनुष्य वाकलं ते वाकलेलंच राहिलं, जोर गेला. वाऱ्यात पडलेल्या फांदीला आतून चीर गेलेली असू शकते, तीही बघा. पहिलं धनुष्य बहुतेकांचं मोडतं, त्यात धामण का घालवायची? आणि हे वाचून कोणी शहरातली फांदी तोडू नका, 1975 चा झाडांचा कायदा आहे, परवानगी लागते.

सुताराची लेक: दादा, करवत धागा बघत नाही हो. फळी वरून सरळ दिसते आणि धागा कडेला तिरका निघून जातो, बाबा म्हणूनच कुऱ्हाडीचा दांडा नेहमी फोडलेल्या लाकडाचाच करायचे. वर्षभर थांबायचीही गरज नाही. ओलं असतानाच ढोबळ आकार द्या, जाडी कमी झाली की दोन-तीन महिन्यांत वाळतं. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करायचं, उतरायचं थांबलं की तयार. पावसाळ्यात मात्र घाई नको, पुण्याची हवा तेव्हा लाकूड वाळू देत नाही.

पेठेतला: दोघांनीही बुरुड आळी विसरलात! जाड बांबू उभा फोडा, बाहेरची कडक बाजू पाठीला, तिला हात लावू नका, पेरंही सपाट करू नका. धागा तुम्हाला फोडतानाच कळतो, मोडला तरी झाड गेलं नाही. माझं म्हणणं पहिली दोन धनुष्यं बांबूचीच.

कोथरूडकर: हे मान्य. बांबू असेल तर माझा विरोध संपला. धामणीबद्दल मात्र मत तेच, आधी हात बसू दे.

मुळशीचा भाचा: बांबू हेसुद्धा कच्चंच की, मग मुद्दा माझाच राहिला :) पण वाळवण्याचं तुमचं खरं, मीही डिसेंबरात दोरी चढवायला निघालो होतो. ताई, वजनाची युक्ती लगेच केली. तीन आठवडे काटा 940 ग्रॅमवरच आहे. रविवारी लांब दोरी लावून इंच इंच ओढत दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघतो, जी बाजू ताठ दिसेल तिथलंच पोट कानशीनं उतरवणार. धनुष्य 68 इंच ठेवलंय, ओढ 28 इंच. कोथरूडकर, तुम्ही याच बघायला, तुमचा अनुभव जवळ हवाय मला.