उन्हाळ्याची सुट्टी, समुद्र आणि तीन वयांची तीन मुलं: किनारा निवडायचा कसा?

तिघांची_आई

नमस्कार मंडळी. दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी आमच्या घरात एक तह होतो, तो यंदा मोडलाय. थोरली अकरा वर्षांची. तिला लाटा हव्यात, आणि त्याही "खऱ्या". मधला आठ वर्षांचा, त्याला खेकडे, शिंपले आणि पोहता पोहता बुडी मारायला जागा हवी. धाकटी तीन वर्षांची, तिला पाण्याची धास्ती आणि वाळू तोंडात घालायची हौस. सोबत सासूबाई आहेत, त्यांच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत. नवऱ्याची मागणी एकच: झोप. चार रात्री आहेत हातात.

तीन आठवडे खपून मी सात ठिकाणांचा तक्ता केलाय. सगळीकडचे फोटो एकाच साच्यातले: निळं पाणी, दोन आरामखुर्च्या आणि चित्रात मूल एकही नाही. रिव्ह्यू वाचावेत तर एकाला जो स्वर्ग वाटला तिथून दुसरा दोन दिवसांत पळून आलाय. त्यामुळे मला नावं नकोत, नावं रग्गड आहेत. निवडायचं कसं ते सांगा. पोरांना घेऊन गेल्यावर तुम्हाला कुठली गोष्ट आधी कळायला हवी होती असं वाटलं?

डोंगरच_बरा

उन्हाळ्यात समुद्र? थंड हवेच्या ठिकाणी जा, सुखी व्हा.

तिघांची_आई

हे वाक्य मी घरात रोज ऐकते. झोपेची मागणी करणाऱ्याकडूनच.

वाळूत_पाय

ताई, तक्ता ठेवा, पण त्यातला 'ठिकाण' हा रकाना खोडून तिथे 'पाण्याची कड' लिहा. तुमची धाकटी अख्खी सहल पाण्याच्या कडेच्या वीस फुटांत काढणार आहे. ते वीस फूट चांगले निघाले तर खोली जरा कोंदट असली, रस्ता खड्ड्यांचा असला तरी निभतं. ते वाईट निघाले तर कशानंच निभत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझी मुलं सहा आणि दोन वर्षांची असताना मी असाच फोटो बघून एक किनारा ठरवला. फोटो खोटा नव्हता, पाणी खरंच तेवढं निळं होतं. पण वाळू जाडीभरडी, तळव्यांना टोचणारी, आणि उतार असा की तीन पावलांत पाणी माझ्या कमरेला. लाट लांबवर फुटून पसरत येत नव्हती, थेट कडेवर येऊन आपटत होती. पहिल्या दहा मिनिटांतच थोरल्याला तिनं लोळवलं. तोंडात वाळू, गुडघा सोललेला. पुढचे चार दिवस दोन्ही पोरं समुद्राकडे पाठ करून बसली. आठ तास प्रवास करून गेलो आणि बाथरूममधल्या बादलीत होड्या सोडून आलो.

नंतर एका जाणत्या माणसानं यातली गोम सांगितली. जाड वाळूत लाटेचं पाणी मुरून जातं. परतताना वाळू ओढून न्यायला पुरेसं पाणीच उरत नाही, म्हणून वाळू वरच साचते आणि चढ उभा राहतो. बारीक वाळूत पाणी फारसं मुरत नाही, वाळू मागे ओढली जाते, किनारा सपाट पसरतो. तेव्हापासून मी फोटोत पाण्याचा रंग बघत नाही. वाळू बघतो, आणि लोक बघतो: किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावरही माणसं गुडघाभर पाण्यात उभी असतील तर काम झालं.

दुसरी युक्ती: उपग्रहाचा नकाशा उघडा. फेसाची एकच पांढरी रेघ कडेला चिकटून असेल तर उतार खडा असण्याची शक्यता जास्त. दोन-तीन रेघा एकामागे एक, लांबवर असतील तर लाट आधीच दमून कडेला येते. किनाऱ्याचा आकारही तिथेच दिसतो. मोकळा, सरळसोट किनारा म्हणजे लाटांना अडवणारं कोणी नाही. चंद्रकोरीसारखा, एका बाजूला भूशिर पुढे आलेला किनारा असेल तर त्याच्या आडोशाच्या टोकाला पाणी पुष्कळदा निवांत असतं आणि दुसऱ्या टोकाला लाटा. तुमच्या घरातला तह अशाच किनाऱ्यावर होईल. धाकटी एका टोकाला, थोरली दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध झोपमंत्री.

नदीचं किंवा खाडीचं मुख जवळ असलेला किनारा मात्र मी यादीतून सरळ काढतो. फोटोत फार देखणा दिसतो, पण तिथे ओढ बेभरवशाची, पाणी गढूळ, आणि जोराचा पाऊस पडून गेला की वरची सगळी घाण तिथेच येते.

आता भरती-ओहोटी. हा भाग लोक सोडून देतात आणि मग किनाऱ्याला नावं ठेवतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोज वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी आठला भरती असेल तर चौथ्या दिवशी ती साडेदहाच्या सुमारास. कोवळ्या उन्हाची वेळ आणि पोरांच्या सोयीचं पाणी यांची गाठ पडते की नाही ते बुकिंगच्या आधीच कळतं, कारण भरतीची कोष्टकं वर्षभर आधी तयार असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, म्हणजे फरक कमी. लहान मूल सोबत असेल तर मी भांगाचे दिवस धरतो.

हे सगळीकडे सारखं लागू नाही हेही खरं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक अर्धा मीटरसुद्धा नसतो, तिथे तारखांची चिंता नको. उलट कॅनडातल्या फंडीच्या आखातात तो १६ मीटरपर्यंत जातो. आपण जातोय तिथला आकडा पाहून घ्यायचा, एवढंच. आणि पाणी एका चालीनं चढत नाही. सुरुवातीला आळशी, शेवटी आळशी, मधल्या दोन तासांत निम्मी भरती उरकते. तुमचा मधला खडकांत खेकडे शोधायला जाणार, त्याला ओहोटी सुरू असतानाच न्या. पाणी फिरलं की परत.

पाणबुड्या

वर उत्तम लिहिलंय, एका दुरुस्तीसह. आडोशाचं टोक शांत, हे ठीक. पण भूशिराच्या खडकाला अगदी चिकटून पाणी आत ओढणारा प्रवाह पुष्कळदा असतो. शांत पाणी बघून लोक तिथेच पोरं सोडतात. खडकापासून चांगलं अंतर ठेवा.

मी काही वर्षं जीवरक्षक होतो. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षात मूल आवाज न करता जातं, कारण श्वास घेण्यातच सगळी ताकद खर्च होत असते. म्हणून माझ्या लेखी निवडीची पहिली अट एकच: तुम्ही ज्या दिवसांत, ज्या वेळेत पाण्यात असाल तेव्हा तिथे जीवरक्षक असतो का? पाटीवर नव्हे, प्रत्यक्ष. मुक्कामाच्या जागी फोन करून विचारा आणि उत्तर "हो हो, असतो" असं आलं तर पुढे विचारा, किती वाजेपर्यंत. दुसऱ्या प्रश्नाला खरं काय ते कळतं.

झेंडे पोरांनाही शिकवून ठेवा. वर लाल खाली पिवळा असे दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधे पोहायचं, तिथे लक्ष असतं. नुसता पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव आलेत. ही पद्धत पुष्कळ देशांत चालते, पण पोचल्यावर तिथला फलक वाचाच.

आत ओढणारा प्रवाह ओळखायचा तर उंचावरून पाच मिनिटं पाणी बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, जरा गडद, फेस समुद्राकडे चाललेला. तोच. नवख्याला ती सगळ्यांत सुरक्षित जागा वाटते. जोर असेल तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो, ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा त्याच्या उलट दिशेनं जिंकत नाही. तो खाली ओढत नाही, लांब नेतो. थोरलीला पाठ करून घ्या: झगडायचं नाही, तरंगायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं.

आणि हवेनं फुगवायच्या गाद्या, मगरी, बदकं घरी ठेवा. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर पाणी आरशासारखं दिसतं आणि बदक पोरासकट निघून जातं.

तिघांची_आई

बापरे. मगर पॅक झाली होती, बाहेर काढली.

एक विचारू का? माझ्या तक्त्यातल्या दोन किनाऱ्यांना तो 'ब्लू फ्लॅग' आहे. तो असेल तर डोळे मिटून जावं का?

वाळूत_पाय

डोळे उघडे ठेवून जा. ही योजना १९८५ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली, आता बऱ्याच देशांत आहे. पाण्याची तपासणी, स्वच्छतागृहं, सुरक्षेची सोय, अपंगांसाठी वाट अशा अटी असतात. म्हणजे सासूबाईंच्या आणि कपडे बदलायच्या दृष्टीनं मोठाच आधार. पण निळा झेंडा म्हणजे लाट लहान असं नाही. समुद्र कुणाचं प्रमाणपत्र वाचत नाही.

आत्याबाई

पाण्याचं सगळं झालं, उन्हाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

किनाऱ्यावर सावली आपोआप असते का ते बघा. झाडं वाळूच्या कडेपर्यंत आलेली असतील तर त्या किनाऱ्याला माझे दोन गुण जादा. छत्री वाऱ्यानं उडते, झाड उडत नाही. भाचरांना मी एकच नियम शिकवलाय: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत पळायचं. पाण्यात असलं म्हणजे ऊन लागत नाही हा भ्रम आहे. अर्धा मीटर खोल पाण्यातसुद्धा अतिनील किरणं पृष्ठभागाच्या ४० टक्के असतात, आणि कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते, म्हणजे टोपीच्या खालूनही भाजतं. पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा हे सगळ्यांत सोपं. उघड्या भागाला क्रीम, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. एकदा लावून भागत नाही.

त्या सदऱ्याचा रंग भडक केशरी किंवा तसाच डोळ्यांत खुपणारा घ्या. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात दिसेनासा होतो. आमच्या घरातल्या कन्येनं आकाशी रंगासाठी दोन दिवस तोंड फुगवलं होतं, मी विरघळले नाही.

खोलीबद्दल एकच. "किनाऱ्यापासून पाच मिनिटं" असं लिहिलेलं असतं ते एकट्या, मोकळ्या हातांच्या, तरण्या माणसाची पाच मिनिटं. तुमच्याकडे बादल्या, टॉवेल, झोपलेली धाकटी आणि सासूबाई आहेत. नकाशावर अंतर मीटरमध्ये मोजा, मधे पायऱ्या आहेत का ते विचारा. तळमजला मागा. दुपारी अकरा ते चार तुम्ही खोलीतच असणार आहात, तेव्हा खोलीला गॅलरी आणि बाहेर पाय धुवायला नळ असेल तर बाकी थाटमाट नसला तरी चालेल. पोहायचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि फाटक आहे ना, हेही. तीन वर्षांचं मूल समुद्राला घाबरतं, तलावाला घाबरत नाही.

पाणबुड्या

आत्याबाईंना अनुमोदन. राहिलेलं एक: वाळूतले खड्डे. आठ वर्षांची मुलं खणायला लागली की थांबत नाहीत, आणि वाळू कडेनं ढासळते तेव्हा क्षणात ढासळते. सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि निघताना बुजवा.

तिघांची_आई

काल रात्री दोन वाजेपर्यंत उपग्रहाच्या नकाशावर फेसाच्या रेघा मोजत बसले होते. सातातले तीन किनारे तिथेच गळाले, त्यातला एक माझा लाडका होता. फोटोत सगळ्यांत सुंदर, नकाशात कडेला एकच जाड रेघ. चौथा नदीच्या तोंडाशी निघाला. पाचव्या ठिकाणी फोन केला. जीवरक्षक असतो म्हणाले. किती वाजेपर्यंत, असं विचारल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता आणि मग "मॅडम, तुम्ही या तर खरं". सोडला.

राहिले दोन. एक चंद्रकोरीसारखा, सपाट, झाडं वाळूपर्यंत, खोलीपासून १८० मीटर, पायऱ्या नाहीत. दुसरा जास्त नावाजलेला, पण सावली शून्य. पहिला घेतला. आमच्या ठरलेल्या तारखा नेमक्या पौर्णिमेला धरून होत्या, त्या आठवडाभर पुढे ढकलल्या. नवऱ्यानं विचारलं, तिथी बघून सहल काढायची म्हणजे सोबत भटजी पण येणार का?

सासूबाईंना पाठ टेकायची खुर्ची हवी आहे, ती मिळेल असं फोनवर वदवून घेतलंय. मधल्यानं खड्ड्याच्या नियमावर घासाघीस सुरू केलीय, मोजायचा गुडघा धाकटीचा की त्याचा. थोरलीला केशरी सदरा दाखवला. तिनं दार लावून घेतलंय. आत्याबाई, तुमचे ते दोन दिवस नंतर कसे मिटले, तेवढं सांगा.

आत्याबाई

मीही केशरी घेतला.