दुधी, डांगर, तवसं: तुमच्या वेलाने काय दिलं?

परसदार:
काल आईचं कपाट आवरताना हिंगाच्या डबीत कागदाची पुरचुंडी सापडली. सोडली तर राखेत घोळलेल्या दुधीच्या बिया. चिपळूणच्या घरी मागीलदारी मांडव असायचा, न्हाणीचं पाणी थेट त्याच्या मुळाशी. पहिल्या बहरातला सगळ्यात देखणा दुधी आजी बियाण्याला राखायची. देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली की त्याला कोणी हात लावायचा नाही. एका गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, भाजी कमी पडली आणि नव्या काकूने नेमका तोच तोडून आणला. चिरताना विळी चालेना तेव्हा तिच्या लक्षात आलं. आजी काही बोलली नाही. आठ दिवस कोणाशीच बोलली नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतून बी मागून आणलं.

या बिया त्यातल्याच का, हे आईला विचारायची सोय आता राहिली नाही. लावून बघावं म्हणते. तुमचे वेलाचे अनुभव लिहा. दुधीच हवा असं नाही.

आठवा मजला:
वेल आहे, फुलं आहेत, फळ मात्र शून्य. म्हणजे शाळेत मिळायचा तोच भोपळा. बोटाएवढे धरतात, पिवळे पडतात, गळतात. शेणखत, ताक, केळीच्या सालींचं पाणी, सगळं करून झालंय. कृपया खत सांगू नका.

बांधावरून:
@आठवा मजला, खताचा दोष नाही ताई. एवढ्या वर किडे-पतंग येत नसतील, मग परागीभवन करणार कोण? फुलामागे इवलासा दुधी असतो ते मादी फूल, नुसता लांब देठ ते नर. दुधी संध्याकाळी फुलतो. दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला पराग मादीच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. लाल भोपळ्याला हेच काम सकाळी लवकर, उन्हं चढली की त्याचं फूल मिटतं. शेंडा खुडला का? मुख्य वेल दीड-दोन मीटर झाला की खुडा. मादी फुलं आडफांद्यांवर जास्त येतात.

आठवा मजला:
म्हणजे कुकर लावायच्या वेळेला मी दुधीची लग्नं लावू?

खमंग:
तुळशीच्या आधी उरकून घ्या :)

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडं लाल भोपळ्याले कोहळं म्हंतात. आमच्या बाबांनी लावलेला वेल शेजारच्या काकांच्या कवेलूवर चढला. दोन्ही घरांचं धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) बोलणं बंद, अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य. वेल आमचा, कोहळं त्यांच्या छपरावर. हे तोडायला जाऊ शकत नाहीत, ते लाजेकाजेस्तव तोडत नाहीत. कोहळं आपलं फुगतंय. शेवटी एका रात्री कवेलू फोडून ते थेट त्यांच्या सैपाकघरात उतरलं. सकाळी काकू अर्धं कोहळं घेऊन दारात उभ्या. आईनं लगेच बोंडं केली (शिजवलेलं कोहळं, गूळ, कणीक, तळून काढायचं), तिकडं वाटीभर गेली. बोलणं सुरू झालं. धुऱ्याची केस अजून चालू आहे.

तापीकाठ:
कोहळं काय, आम्ही डांगर म्हणतो. गंगाफळ पण.

सदाशिव:
डांगर उडदाचं असतं. भाजलेल्या उडदाचं पीठ, कांदा, दही, वरून फोडणी. भोपळ्याला डांगर म्हणणं म्हणजे कहर आहे.

तापीकाठ:
आमच्या शेतात या, पंधरा किलोचा कहर दाखवतो.

म्हापसेकार:
नावांवरून आठवलं. गोव्यात लाल भोपळा म्हणजे दुदी, आणि तुमचा दुधी तो कोंकणदुदी. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दुधी आण, हलवा करू. मी अडीच किलोचा भोपळा उराशी धरून रिक्षातून उतरले. त्या काही बोलल्या नाहीत, घारगे केले. पण अजूनही, तीस वर्षांनी, कोणी आलं की हा किस्सा निघतोच.

लेस्टरची सून:
इथे कौन्सिलकडून भाजी लावायला जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, अलॉटमेंट. पहिल्या वर्षी हौसेने कूर्जेटची चार रोपं लावली (तुमची झुकिनी). ऑगस्टमध्ये तीन आठवडे नाशिकला आलो. परत गेलो तर पानांखाली बाळं झोपवल्यासारख्या मॅरो! काकडीएवढं असताना तोडलं तर कूर्जेट, विसरलं तर मॅरो, झाड तेच. साल जून, आत बिया आणि पाणीच पाणी. शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा म्हणाले, पोखरून खिमा भर आणि भाज, नाहीतर आलं घालून जॅम कर. मी सोलून, बिया काढून, किसून थालीपिठात ढकललं. चांगलं लागतं, फक्त पीठ भिजवताना वेगळं पाणी घालायचं नाही. चणाडाळ घालून भाजी करणार असाल तर डाळ आधी बोटचेपी शिजवून घ्या, नाहीतर डाळ कच्ची आणि बाकी लगदा. हलवा करू नका!! दीड तास आटवला, अर्धी वाटी उरला आणि त्याला काकडीचा वास. लोक दाराबाहेर खोक्यात मॅरो ठेवून 'फुकट घ्या' लिहितात. आमच्या गल्लीत चार दारांबाहेर चार खोकी होती. घेणार कोण?

आठवा मजला:
इकडे कुरिअर कर गं.

अबोली_५२:
दुधीवर लिहिताय म्हणून सांगते. चिरल्यावर आधी एक तुकडा जिभेला लावून बघायचाच. माझे सासरे रोज सकाळी दुधीचा रस घ्यायचे. एकदा कडू निघाला. औषध कडूच असतं म्हणाले आणि अख्खा पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या, रक्तदाब उतरला, दोन रात्री दवाखान्यात. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते शिजवूनही जात नाही. परसदार, तुझ्या त्या बियांना पहिलं फळ लागेल तेव्हा लक्षात ठेव. आई गेल्याचं माहीत नव्हतं गं. फोन करते.

कोल्हापुरी:
चिंधीवरनं आठवलं. आमच्यात बियाण्याचा वाळका भोपळा बी काढून झालं की फेकत नव्हते. पाठीला बांधायचा आणि पोराला विहिरीत ढकलायचं. मी तसाच शिकलो. थोरल्या भावाच्या वेळी भोपळा सुटून एकटाच तरंगत राहिला, भाऊ खाली. काढला त्याला, काळजी नको, आता तालुक्याला वकील आहे. तंबोऱ्याचा भोपळाही याच जातकुळीतला. मिरजेला कारागिरांकडं छताला टांगलेले असतात, पंढरपूर भागातनं येतात. आमच्या भावाला मात्र सूर लागला नाही.

धामापूरकर:
तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, कोणी बोलेना? एक तवसं म्हणजे घरभर धोंडस. किसून सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. वर-खाली निखारे. बायको म्हणते ओव्हन आहे. ओव्हनात होतो तो केक.

नवी बाग:
दुधी वाकडा होतोय, वर टोचल्यासारखे ठिपके, चिकट थेंब. काय करू?

बांधावरून:
फळमाशी. आत अळ्या असणार. किडलेली फळं वेलाखाली टाकू नका, पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. बाकी फळांना कोवळी असतानाच कागदी पिशव्या घाला. क्यू ल्यूरचा कामगंध सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो. पानांची चाळणी करणारे तांबडे भुंगे सकाळी दवात सुस्त असतात, तेव्हा वेचायचे.

नवी बाग:
धन्यवाद दादा. अळ्या निघाल्या. ईई.

खमंग:
आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नाही. नवरा दौऱ्यावर, भोपळा अकरा दिवस ओट्यावर. शेवटी सिलिंडर द्यायला आलेल्या दादांना म्हटलं, तेवढी एक चीर मारता का? त्यांनी मारली. निम्मा नेलाही.

परसदार:
वाचतेय सगळं, हसतेय. अबोलीताई, संध्याकाळी बोलू. सकाळी सहा बिया पाण्यात घातल्या. पाच तरंगतायत, एक बुडाली.

बांधावरून:
तरंगणाऱ्यांचा भरवसा नसतो, पण लगेच फेकू नका. रात्रभर भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. बुडालेली वेगळी लावा.

परसदार:
तिच्या कुंडीला लाल चिंधी बांधलीये.

तापीकाठ:
@सदाशिव, ते उडदाच्या डांगराचं प्रमाण द्या. घरात विचारतायत.