मदत हवी आहे: व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा फरक मोजायचा कशावरून?

मंडळी, आई रोज मल्टिव्हिटॅमिन आणि व्हिटॅमिन डी घेते. रक्तातली डीची पातळी वाढली, पण एवढ्यावरून तब्येत सुधारली असं म्हणता येतं का? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी दिलं होतं. २०१८ च्या निष्कर्षांत कर्करोग किंवा हृदयविकार कमी झालेले दिसले नाहीत. उलट गरोदरपणाआधीपासून घेतलेल्या फॉलिक अ‍ॅसिडचा (हेही एक बी व्हिटॅमिनच) बाळातले मेंदू-मणक्याचे जन्मदोष टाळण्यातला फायदा १९९१ मध्येच सिद्ध झाला. म्हणजे खरी गरज असेल तिथेच उपयोग, असं मला वाटतं.

आईला मेटफॉर्मिन (मधुमेहावरची गोळी) चालू आहे. त्याने बी१२ घटू शकतं, म्हणून सगळंच बंद करा म्हणायला मन धजत नाही. डॉक्टरांकडे जाऊच, पण त्यांना नेमक्या कोणत्या तपासण्यांबद्दल विचारू? आणि त्या किती महिन्यांनी पुन्हा करायच्या? जाणकारांनी कृपया सांगा.