कडू कोणाला किती कडू लागतं? घरी तपासून पाहिलेल्यांनी लिहा

रानजाई
काल खोकल्याचं औषध देताना लेक कळवळून रडली. धाकट्याने तेच औषध चाटूनपुसून घेतलं. मला एकदम माझं लहानपण आठवलं. ताटात कोबी उरला की "नखरे पुरे झाले" ऐकावं लागायचं. पुढे कॉलेजात प्रॅक्टिकलला पीटीसीचा कागद (पीटीसी म्हणजे काहींना कडू लागणारं, काहींना अजिबात न लागणारं एक रसायन) जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं झालं. शेजारची मैत्रीण म्हणते, "अगं, नुसता कागद आहे हा!" नखरे नव्हतेच ते. तुमच्याकडे कसं आहे? घरी काय करून पाहता?

पाऊलवाट
पीटीसीचा शोधच असा लागला. १९३१ साली ड्यूपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्सच्या हातून त्याची पूड उडाली. सहकारी म्हणाला, हवा कडू लागतेय. फॉक्सना मात्र काहीच लागेना, तोंडात घेऊन पाहिली तरी! मला फार आवडते ही गोष्ट. दोघंही खरं बोलत होते.

कुंदकळी
आम्ही सुट्टीत निळ्या खायच्या रंगाचा प्रयोग केला. कापसाच्या काडीने जिभेच्या टोकाला रंग, वर पंचिंग मशीनने भोक पाडलेला कागद, टॉर्च लावून मोबाइलवर फोटो. जिभेवरच्या चवीच्या उंचवट्यांना रंग कमी लागतो, ते गुलाबी दिसतात, ते मोजायचे. थोरलीचे खच्चून, माझे विरळ. पण नुसत्या ठिपक्यांवरून कोणाला "सुपरटेस्टर" (चव फार तीव्र लागणारा) ठरवू नका. पीटीसी लागणं मुख्यतः टीएएस२आर३८ या जनुकावर आहे, ते वेगळं.

टिंबटिंब
ह्यांना कागद अजिबात लागला नाही. पण बिनसाखरेची कॉफी प्यायची म्हटलं की अंगावर काटा!! असं कसं?

पाऊलवाट
@टिंबटिंब होऊ शकतं. कडू चव टिपणारे साधारण २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आपल्याकडे आहेत, पीटीसीचा त्यातला एकच. कॉफीचा कडूपणा दुसरे टिपतात.

सांजवेळ
कॉफीवरून आठवलं, एकाच कॉफीचे दोन कप करा, एकात मिठाचे चार कण. कुठला कुठला ते दुसऱ्याने लपवून द्यायचं. मीठवाली कमी कडू लागते, आमच्या घरी सगळ्यांना लागली.
रानजाई, लेकीला रागावू नकोस गं, लहान मुलांना कडू जास्तच लागतं. माझ्या भाच्याला आम्ही आधी पाणी, मग औषध, मग पुन्हा पाणी असं देतो. गोळी चुरायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, काही गोळ्या चुरायच्या नसतात.

रानजाई
@सांजवेळ नाही गं रागावले, जवळ घेतलं. पाण्याचं करून बघते.

अडगळ
कळकळीने सांगतो, प्रयोगासाठी अनोळखी पानं, बिया जिभेवर ठेवू नका. निसर्गात कडू म्हणजे बऱ्याचदा विष. पीटीसीसुद्धा कागदावर अगदी कणभर असतं म्हणून चालतं, सुटी पूड आणायची नाही.

टिंबटिंब
आईला पूर्वी कोबी उग्र लागायचा, आता आवडीने खाते. वयानुसार कमी होतं का हो?

कुंदकळी
बऱ्याच जणांचं होतं. सवयही लागते म्हणा.

मधलीसुट्टी
कागद कुठे मिळेल?

अडगळ
शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवतात त्यांच्याकडे विचारा. सोबत कोरा कागदही घ्या, आधी तो चाखायचा, नाहीतर मुलं उगाच "कडू कडू" ओरडतात.

मधलीसुट्टी
आणि तो निळा रंग दातांवर राहतो का? उद्या ऑफिस आहे.

कुंदकळी
दात घासल्यावर गेला. जीभ संध्याकाळपर्यंत निळी होती, शनिवारी करा!