गाईडविरुद्ध तक्रार : चार महिने उलटले, आता काय करता येईल?

विद्यार्थी_प्रतिनिधी: पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीला गाईड रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवतात. पहिल्या मेसेजला चार महिने झाले. पुढच्या महिन्यात प्रगती अहवालावर त्यांचीच सही लागणार. विभागप्रमुख म्हणतात, ‘आधी माझ्याकडे द्या, आपसात मिटवू.’ मुदत गेली का?

वकीलताई: तक्रारीला ३ महिन्यांची मुदत असते. प्रकार चालूच असेल तर ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. त्यामुळे शेवटच्या मेसेजची तारीख पाहा. तीही उलटली असेल तर उशिराचं कारण लिहा. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी संस्थेची अंतर्गत समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रार विभागप्रमुखांकडे नको, थेट अंतर्गत समितीकडे द्या आणि पोच घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या नियमांप्रमाणे विभागप्रमुख, डीन, कुलसचिव या समितीवर बसूच शकत नाहीत. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैशांवर तर नाहीच.

शोधछात्र_मंच: सहीचा प्रश्न तक्रारीबरोबरच सोडवा. गाईडने तिच्या कामाचं मूल्यमापन करू नये, असा अंतरिम (चौकशी चालू असेपर्यंतचा) आदेश मागता येतो. नुसतं ‘संरक्षण द्या’ लिहिलं की अर्ज फायलीत पडून राहतो. कोणता अहवाल, शेवटची तारीख कोणती, सही दुसऱ्या कोणी करावी, हे स्पष्ट लिहा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसायला हवी. मूळ चॅट फोनमधून पुसू नका. कापलेल्या चित्रावर समोरचा लगेच शंका घेतो. ग्रुपवर काहीही टाकू नका, तिचं नाव तर अजिबात नाही.

समिती_सदस्य: आधी समितीची रचना तपासा: अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, किमान निम्म्या महिला, एक बाहेरचा सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असल्याने निवडून आलेले ३ विद्यार्थी. तक्रारीची प्रत ७ दिवसांत समोरच्याला जाते, उत्तराला १० दिवस, चौकशीला ९०. चौकशी संपल्यावर समितीचा अहवाल १० दिवसांत, त्यावर कारवाई ३० दिवसांत. घाई मात्र मुलीच्याच मुळावर येते. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ न देता सुनावण्या उरकल्या गेल्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फी रद्द केली. २००९ची तक्रार पुन्हा समितीपुढे गेली! म्हणून प्रत्येक नोटिशीची पोच फायलीला लावायला सांगा.

विद्यार्थी_प्रतिनिधी: पोलिसांकडेही जाता येतं?

वकीलताई: हो, एकाच वेळी. भारतीय न्याय संहितेचं लैंगिक छळाबद्दलचं कलम ७५ पाहा. पाठलाग किंवा नको असताना सतत संपर्क असेल तर ७८ही. पोलिसांत गेली म्हणून समिती चौकशी थांबवू शकत नाही.